आल्याबद्दल थँक यू

बटाट्यांची पिशवी हातात पडली आणि मी म्हणालो, "थँक यू." मान खाली होती. चर्चच्या तळघरात ओल्या कोटांचा वास कोंडला होता, कुणाची तरी कॉफी सांडली होती, आणि माझं सगळं लक्ष पिशवीच्या तळाकडे होतं, कारण कागदी पिशव्यांचे तळ नेमके जिन्यात दगा देतात. मग मी वर पाहिलं. पिशवी देणारा माणूस आमचा खासदार होता, वेस्ली ब्रॅनक. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वरून चर्चचा निळा एप्रन. "काय म्हणता, दोस्त? घरी सगळं ठीक ना?" तो म्हणाला, आणि मी म्हणालो, "थँक यू, सर." डावीकडे फोटोचा उजेड चमकला. मागच्याने हलकेच ढकललं, मी पुढे सरकलो. जिना चढताना पिशवीचा तळ शाबूत होता, माझ्यातलंच काहीतरी सुटत चाललं होतं. पहिलं थँक यू सवयीचं होतं. ते मी बसच्या ड्रायव्हरला म्हणतो, दार धरून उभ्या राहणाऱ्याला म्हणतो, एकदा बँकेच्या मशीनलाही म्हणालो होतो आणि मागच्या बाई हसल्या होत्या. पण दुसरं? दुसऱ्या वेळी मी त्याला ओळखलं होतं. ओळखून म्हणालो होतो. आणि वर 'सर' लावलं होतं.

सेंट लुईसमध्ये त्या दिवसांत सकाळी लवकर धुकं पडायचं आणि दुपारपर्यंत हटायचं नाही. सरकारला टाळं लागलेलं होतं. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये खर्चाला मंजुरी मिळाली नव्हती, आणि मंजुरी नाही म्हणून आमच्या कचेरीच्या दाराला साखळी होती. जुन्या सैनिकांच्या नोंदी शोधून देणं हे माझं काम. म्हातारा झालो तरी मी ते सोडलं नव्हतं, कारण घरी बसून माणसांशी बोलावं लागेल अशी भीती वाटायची. फायलींमध्ये बरं वाटतं, त्या उलट बोलत नाहीत. मला घरी बसवलं ते 'अत्यावश्यक नाही' असं कळवून. माझी मुलगी रोवेना विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासते. तिला कळवलं 'अत्यावश्यक', म्हणजे कामावर या. पगार दोघांचाही बंद. खासदारांचा मात्र चालू, कारण तशी तरतूदच आहे. "बाबा," रो म्हणाली होती, "या घरात एक अत्यावश्यक आणि एक अनावश्यक माणूस राहतं, आणि दोघं मिळून कॉफीची तीच पूड दोनदा उकळतात." आम्ही हसलो होतो. तेव्हा अजून हसू येत होतं. माझ्या टेबलावर एक फाइल अर्धी उघडी राहिली होती. आर्कान्सामधल्या टिल्डा रूक्स नावाच्या बाईंना नवऱ्याच्या थडग्यावर सैन्याचा दगड बसवायचा होता आणि त्यासाठी एक कागद हवा होता. कागद मला सापडलाही होता. फक्त पाठवायचा राहिला. मी साहेबांना विचारलं, मी फुकट येऊन पाठवू का? ते म्हणाले, "प्रुइट, टाळं असताना फुकट काम करणं हाही गुन्हा आहे, माहीत आहे ना?" मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "थँक यू."

हा शब्द माझ्या तोंडात आईने घातला. ती क्लेटनच्या बाजूच्या मोठ्या घरांमध्ये धुणीभांडी करायची, आणि मला बरोबर न्यायची. मागच्या दाराशी उभे असायचो आम्ही. बाईसाहेब काही ना काही द्यायच्या, उरलेलं मांस, जुनी पुस्तकं, एकदा एक लोकरीचा कोट. आई माझ्या मानेवर मागून हात ठेवायची. मारायची नाही, दाबायचीही नाही, नुसती बोटं ठेवायची. ती बोटं मानेवर पडली की माझं तोंड आपोआप उघडायचं. कोट फार छान होता. घरी आल्यावर मी कॉलर उलटून पाहिली तर आत दुसऱ्या मुलाचं नाव शिवलेलं. लाल दोऱ्याने, गोल अक्षरांत. मी तो कोट किती हिवाळे घातला कोण जाणे, पण मानेला ते नाव टोचायचं. खरंतर दोरा टोचत असेल. मी पुस्तकी माणूस आहे, मला दोरा पुरत नाही, लगेच नाव टोचतं. पुढे लेनोर, माझी बायको, म्हणायची, "तू भिंतीला धडकलास तरी भिंतीला सॉरी म्हणशील." आणि ती गेली त्या दुपारी डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हाही माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते हेच. डॉक्टर क्षणभर गोंधळला. मग तोही म्हणाला, यू आर वेलकम. आम्ही दोघं त्या पांढऱ्या बोळात उभे होतो, सभ्य माणसांसारखे.

नंतर ते कार्ड आलं. ब्रॅनकच्या कार्यालयाकडून, जाड, गुळगुळीत, मतदारसंघातल्या प्रत्येक घराच्या टपालपेटीत. वर ठळक अक्षरांत, 'संकटात आपल्या माणसांसोबत.' फोटोत त्याचे दात आणि माझं टक्कल. मी वाकलेलो, दोन्ही हात पिशवीखाली, जणू तो मला मूल सोपवतोय. खाली अवतरणचिन्हांत छापलं होतं, "थँक यू, सर!" – एक सरकारी कर्मचारी. उद्गारचिन्ह त्यांनी घातलं होतं. मी उद्गारवाचक माणूस नाही. मी ते कार्ड रद्दीच्या टोपलीत वर्तमानपत्राखाली सारलं, पण संध्याकाळी रो घरी आली ती हातात दुसरं कार्ड घेऊन. तिने गणवेशही काढला नव्हता.

"हा तूच ना?"

"कोट माझाच दिसतोय," मी म्हणालो.

"बाबा, विनोद करू नको. विमानतळावर आमच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर चिकटवलाय कुणीतरी. खाली लिहिलंय, रोचे तीर्थरूप."

"मी त्याला ओळखलं नाही, रो. मान खाली होती."

"ओळखलं नाहीस? मग सर कुणाला म्हणालास? बटाट्यांना?"

ती खुर्चीत बसली, बुटांच्या नाड्या सोडायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. "मला दिवसभर थँक यू मिळतं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पट्टे काढतात, बूट काढतात, आणि म्हणतात, पगाराशिवाय काम करता तुम्ही, थँक यू हं. चांगली माणसं असतात. पण ते पेट्रोलच्या टाकीत ओतता येत नाही. आज माझ्याबरोबरच्या शेल्बीने राजीनामा दिला. तिला दोन लहान पोरं आहेत. आणि टाळं उघडायचा ठराव आला, बाबा, दोनदा आला, आणि दोन्ही वेळा हा माणूस नाही म्हणाला. मग एप्रन घालून बटाटे वाटायला आला. आणि माझा बाप त्याला थँक यू, सर!" तिने ते उद्गारचिन्ह अगदी बरोबर उच्चारलं. मग उठली, कार्ड फ्रिजवर लावलं, वर मक्याच्या कणसाचं चुंबक बसवलं. "असू दे इथे. दूध काढताना बघत जा."

मी बघत गेलो. शहराचं वाचनालय उघडं होतं, ते नगरपालिकेचं, त्याला वॉशिंग्टनचं टाळं लागत नाही. मी तिथे जाऊन बसायचो आणि वाचायचं सोडून विचार करायचो. रो म्हणते ते मी वर्तमानपत्रात पडताळून पाहिलं, खरं होतं. तरी माझं मन सरळ रागावेना. त्याची काही कारणं असतील. मला राजकारणात काय कळतं? मागच्या निवडणुकीत माझं मत त्यालाच होतं, तो शाळेच्या ग्रंथालयांबद्दल चांगलं बोलला होता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची ही एक खोड असते, त्याला दुसरी बाजू लगेच दिसते, इतकी लगेच की स्वतःची बाजू कुठे ठेवली होती हेच आठवत नाही. कदाचित हीसुद्धा भीतीच असेल, नीट कपडे घातलेली. मी टिल्डा रूक्सबाईंचा विचार करायचो. त्यांच्या गावात थंडी पडली असेल. दगड बसवणाऱ्याने विचारलं असेल, कागद आला का? त्या म्हणाल्या असतील, नाही आला. आणि मग, मला खात्री आहे, म्हणाल्या असतील, चौकशीबद्दल थँक यू. हे सगळे लोक, टिल्डाबाई, शेल्बी, मी, बॅगा तपासून घेणारे ते चांगले प्रवासी, आम्ही सगळे एकमेकांना थँक यू म्हणत होतो आणि तो शब्द गोल फिरून एकाच माणसाच्या कार्डावर छापला जात होता. हे सुचलं तेव्हा मी वाचनालयात एकटाच मोठ्याने "नाही" म्हणालो. समोरच्या टेबलावरच्या माणसाने वर पाहिलं. मी त्याला सॉरी म्हणालो.

ओपल डुरांटचा फोन आला तो त्याच दिवशी. ओपलबाई आमच्याच गल्लीत राहतात, चर्चचं मोफत शिधावाटप त्याच चालवतात, आणि त्यांना माझी कीव येत नाही म्हणून मला त्या आवडतात. "प्रुइट, शनिवारी सकाळी ब्रॅनक येतोय, शाळेच्या व्यायामशाळेत. लोकांचे प्रश्न घेणार म्हणे. अखेर सापडला एकदाचा. येताय ना?"

"मला माणसांपुढे बोलता येत नाही, ओपलबाई. तुम्हाला माहीत आहे."

"तुमचं टक्कल सगळ्या मतदारसंघाने पाहिलं. आता आवाजही ऐकू दे जरा."

"मी काय बोलणार?"

"ते मी कशाला सांगू? ते बटाटे मी भरले होते, तुम्हाला माहिती आहे? जॉर्डनच्या शेतावरून आणले, माझ्याच गाडीतून. तो आला, एप्रन मागितला, फोटोवाला उभा केला आणि फोटो निघाल्यावर एप्रन टेबलावर टाकून गेला. घडीसुद्धा घातली नाही." मग म्हणाल्या, "घडी घातली असती तर मी गप्प बसले असते कदाचित. मूर्ख बाई आहे मी."

शनिवारी व्यायामशाळेत मेणाचा आणि रबराच्या तळव्यांचा वास होता. बास्केटबॉलच्या जाळ्या वर गुंडाळलेल्या. एका टोकाला टेबल, त्यामागे ब्रॅनक, बाह्या आजही दुमडलेल्या, जणू काम नुकतंच थांबवलंय. मध्ये उभा माईक, आणि माईकशेजारी त्याच्या कार्यालयातली एक तरुण मुलगी, हातात घड्याळ. मी रांगेत उभा राहिलो, कारण ओपलबाई माझ्यामागे उभ्या होत्या आणि मागे वळायला जागा नव्हती. पुढची माणसं बोलत होती आणि मी ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता मला एक गोष्ट दिसू लागली, ती आधी का दिसली नाही कळत नाही. प्रत्येक जण रागात माईकपाशी जात होता. एका बाईचं घर हप्त्यांत अडकलेलं. एकाची हवामान खात्यातली नोकरी, रात्रपाळीचं काम चालू आणि पगार शून्य. त्यांचे चेहरे लाल होते. पण माईकपाशी पोचलं की प्रत्येक जण म्हणायचा, "आधी, आल्याबद्दल थँक यू." आणि ते म्हणताच आवाज बसायचा. जसं भरल्या टाकीच्या तळाचं बूच निघावं. पुढचं सगळं वाक्य विनंती होऊन बाहेर पडायचं. आणि ब्रॅनक म्हणायचा, "थँक यू, फार महत्त्वाचा प्रश्न," आणि दुसऱ्या पक्षाबद्दल बोलायचा, वॉशिंग्टनबद्दल बोलायचा, जणू वॉशिंग्टन हे एक वाईट गाव आहे आणि तो तिथे कधी गेलाच नाही. शेवटी बोलणाराच पुन्हा म्हणायचा, थँक यू. आणि जाऊन बसायचा. आम्हाला कुणी गप्प करत नव्हतं. आम्हाला मागच्या दाराशी उभं करून शिकवलेलं होतं.

माझ्यापुढचा माणूस बाजूला झाला. माईक माझ्या हनुवटीपेक्षा उंच होता, मुलीने तो खाली केला. "थँ..." माझ्या तोंडात आलं, आणि मी दात मिटले. मुलीने माझ्याकडे पाहिलं. सगळी व्यायामशाळा शांत झाली, माणूस अडखळला की होते तशी, दयेने. मानेवर बोटं पडली. खरी नाही, मला माहीत आहे, आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण बोटं होती. मी उभा राहिलो. मग मी म्हणालो, "माझं नाव ऑल्डन प्रुइट. मी तुमच्या कार्डावरचा." आवाज फार बारीक आला. ब्रॅनकने डोळे बारीक केले, मग चेहरा उजळला. "अरे! बटाटे! कसे आहात, दोस्त?" लोक हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात मला रो दिसली. दाराजवळ उभी, गणवेशात, कामावरून थेट आलेली, हात छातीवर बांधलेले. ती हसत नव्हती.

"ते बटाटे चर्चचे होते," मी म्हणालो. "जॉर्डनच्या शेतातले. ओपलबाईंनी भरलेले. तुम्ही फक्त हातात दिलेत. माझं थँक यू चुकीच्या पत्त्यावर गेलं. मी ते परत घ्यायला आलोय."

कुणीतरी मागून शिटी मारली. ब्रॅनक अजून हसत होता. "असं परत घेता येतं होय ते?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो, आणि हे खरं होतं. "पण मी घेतोय. आणि माझा एक प्रश्न आहे. टाळं उघडायचा ठराव दोनदा आला. तुम्ही काय मत दिलंत?"

"छान प्रश्न. थँक यू. बघा, लोकांना हे समजून घ्यायला हवं की..." आणि तो बोलू लागला. चांगलं बोलला. त्यात कारणं होती, आकडे होते, दुसऱ्या पक्षाचा हट्ट होता, आणि मला ती दुसरी बाजू दिसू लागली, नेहमीसारखी, आणि मला वाटलं की खरंच असेल, मी कोण? मग तो थांबला आणि मान तिरकी करून माझ्याकडे पाहू लागला, आता म्हणा, अशा नजरेने. मी म्हणालो, "मी मत विचारलं." तो म्हणाला, "मी तेच सांगितलं." मी म्हणालो, "नाही सांगितलंत." मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सर, वेळ संपली," आणि हात पुढे केला. मी सवयीने बाजूला झालो. झालंच. एवढंच जमतं मला, असं वाटलं.

पण जागा रिकामी राहिली नाही. ओपलबाई पुढे आल्या, माईकची मान धरली, भाजी निवडतात तशी. "ओपल डुरांट. माझा प्रश्न तोच."

"कोणता, मॅडम?"

"प्रुइटचा. काय मत दिलंत? आणि एप्रनची घडी घालायला शिका."

लोक हसले, पण या वेळी ते हसू वेगळं होतं, त्याचं तोंड टेबलाकडे होतं. ब्रॅनक काहीतरी बोलला, मुलीने वेळ संपली म्हणून सांगितलं. ओपलबाईंच्या मागे कानटोपी घातलेला एक आडदांड माणूस होता, मी त्याला ओळखत नव्हतो. त्याने नावही सांगितलं नाही. आल्याबद्दल काहीही म्हणाला नाही. "तोच," एवढंच म्हणाला, आणि उभा राहिला. त्याच्यामागची बाई म्हणाली, "तोच." तिच्यामागे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या तोंडून सवयीने "आधी, आल्याबद्दल" असं निघालं, ते थांबले, कपाळाला आठ्या घातल्या, स्वतःवरच चिडल्यासारखं म्हणाले, "नाही. तोच." मग रो. ती रांगेत कधी येऊन उभी राहिली मला दिसलं नाही. गणवेशावरचा तिचा बिल्ला दिव्यात चमकत होता. ती वाकली नाही, माईक तिच्या उंचीला बरोबर होता. "मी रोवेना प्रुइट. अत्यावश्यक," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी तुम्हाला प्रश्न विचारलाय. आम्ही थांबलोय."

ब्रॅनकने टेबलावरचा पाण्याचा पेला हलवला, पुन्हा होता तिथे ठेवला. मुलीने घड्याळाकडे पाहिलं आणि घड्याळाचा हात खाली घेतला. तीही थांबली होती असं मला वाटलं, पण मला माणसांतलं फारसं कळत नाही. व्यायामशाळेत पाइपांमधून गरम हवा येत होती, तिचा तेवढा आवाज.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही असं मत दिलं."

"दोन्ही वेळा?" रो म्हणाली.

"दोन्ही वेळा." त्याने खांदे उडवले, मग रोवरून नजर काढून मला शोधलं. मी भिंतीपाशी उभा होतो. त्याचं ते हसू पुन्हा आलं, थोडं थकलेलं, थोडं क्षमा करणारं. "झालं समाधान, दोस्त? उत्तर मिळालं ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणसाला उत्तर मिळालं की तो काय म्हणतो हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही. तो शब्द वर आला, घशापर्यंत आला, गरम, ओळखीचा, अगदी तयार. मानेवरची बोटं घट्ट झाली. मी तोंड मिटून उभा राहिलो. किती वेळ, मला सांगता येणार नाही. ब्रॅनकचं हसू जागच्या जागी राहिलं आणि त्याचा उपयोग संपत गेला, आणि मग बोटं, एकेक करून, उचलली गेली.

त्याने कागद गोळा केले. उभा राहिला. "बरं तर," तो माईकमध्ये म्हणाला, "आल्याबद्दल थँक यू."

कुणीही काही बोललं नाही.